डीएससी टोकन लावताना या चुका टाळा

निविदा भरायचा शेवटचा दिवस, दुपारचे साडेचार. डीएससी टोकन, म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट साठवणारं पेनड्राइव्हसारखं यूएसबी उपकरण, लावलंय, आणि पोर्टल म्हणतंय, सर्टिफिकेट सापडत नाही. अशा वेळी माणूस समोर दिसेल ते बटण दाबतो. माझ्याकडे येणाऱ्या एका ठेकेदाराने टोकनच्या सॉफ्टवेअरमधलं ‘इनिशियलाइझ’ दाबलं. त्याला वाटलं, सगळं नव्याने सुरू होईल. टोकन कोरं झालं आणि निविदा गेली.

स्वाक्षरीची खासगी किल्ली, म्हणजे जिच्यामुळे सही होते तो गुप्त डेटा, टोकनच्या चिपमध्येच तयार होते आणि तिथून बाहेर काढता येत नाही. म्हणून तिची प्रत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडेही नसते. पुसली की नवा अर्ज, पुन्हा व्हिडिओ पडताळणी, पुन्हा पैसे. सर्टिफिकेट चालू असेपर्यंत त्या बटणाच्या वाटेला जाऊ नका.

पिनचंही तसंच. चुकलेल्या पिनचा हिशेब टोकन स्वतः ठेवतं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला तरी तो पुसला जात नाही, आणि मर्यादा संपली की टोकन लॉक होतं. दोनदा चुकलात तर हात आवरा आणि आधी लिहून ठेवलेला पिन शोधा.

सर्टिफिकेट दिसत नसेल तर आधी टोकनचंच सॉफ्टवेअर उघडा. तिथेही नाव नसेल तर यूएसबी हब काढून टोकन थेट कॉम्प्युटरला लावा, ड्रायव्हर तपासा. ईपास २००३, प्रॉक्सकी, एमटोकन हे टोकनचे प्रकार, प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. तिथे नाव दिसतंय पण पोर्टलवर नाही, तर घोळ सही करणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे. जीएसटीसाठी ईएमसायनर हा सहीचा प्रोग्राम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालू करा, मग ब्राउझरमध्ये एचटीटीपीएससह १२७.०.०.१:१५८५ उघडून इशारा आला तरी पुढे जा. हा पत्ता तुमच्याच कॉम्प्युटरचा आहे.

विंडोजच्या सर्टिफिकेटांच्या यादीत मात्र टोकन काढल्यावरही नाव राहू शकतं, त्यावर विसंबू नका.

नूतनीकरणानंतर नवं सर्टिफिकेट जीएसटी आणि आयकर पोर्टलवर पुन्हा नोंदवावं लागतं. हे बहुतेकांच्या लक्षात येतं ते रिटर्नच्या शेवटच्या तारखेला.

आणि टोकनवर पिनची चिठ्ठी चिकटवून ते कुणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे किल्ली आपल्या ताब्यात राहील याची काळजी सर्टिफिकेटधारकानेच घ्यायची असते. टोकन हरवलं तर त्याच दिवशी सर्टिफिकेट रद्द करायला कळवा.