‘हा व्हिडिओ प्रायव्हेट आहे’ : परवानगी मागताना आणि देताना या चुका टाळा

लग्नसराई ओसरली की कोल्हापुरात राजारामपुरीतील आमच्या एडिटिंगच्या टेबलावर फोनांची सराई सुरू होते. पेनड्राइव्ह हल्ली फारसा कोणी मागत नाही. तयार झालेला व्हिडिओ यूट्यूबवर प्रायव्हेट करून किंवा गुगल ड्राइव्हवर ठेवून त्याची लिंक घरच्या मंडळींना पाठवली जाते, आणि तासाभरात गडहिंग्लज, इचलकरंजी, कधी थेट मस्कतहूनही एकच तक्रार येते : “व्हिडिओ उघडंना झालाय, बघा की जरा.” अशा फोनांना उत्तरे देता देता माझ्या लक्षात आले आहे की बिघाड क्वचितच व्हिडिओत किंवा नेटवर्कमध्ये असतो. परवानगी दिलेली असते एका ईमेल खात्याला आणि पाहणारा बसलेला असतो दुसऱ्याच खात्यात. लिंक हाती असणे वेगळे आणि परवानगी असणे वेगळे, एवढे ध्यानात घेतले तर पुढील बऱ्याचशा चुका होण्याचे कारण उरत नाही.

संदेश न वाचताच लिंक पुन्हा मागणे

स्क्रीनवर नेमके काय आले आहे, असे विचारले तर बहुतेक जण “एरर आलाय” एवढेच सांगतात. प्रत्यक्षात दुखणे कोठे आहे ते त्या इंग्रजी ओळीतच लिहिलेले असते. यूट्यूबवर व्हिडिओ प्रायव्हेट असल्याचे सांगून त्याखाली ‘परवानगी मिळाली असल्यास साइन इन करा’ अशा अर्थाची सूचना दिसत असेल, तर आपण त्या ब्राउझरमध्ये कोणत्याही खात्याने आत गेलेलो नाही, असे समजावे. साइन इन केल्यानंतरही तोच नकार येत असेल, तर ज्या खात्याने आपण आत आहोत त्याला परवानगी नाही. अपलोड करणाऱ्यानेच व्हिडिओ काढून टाकला आहे, असा मजकूर असेल तर परवानगीचा प्रश्नच संपतो. मग मालकाला फोन करून दुसरी प्रत आहे का, हे विचारणे एवढेच हाती राहते. या तीनही वेळी तीच लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा मागवून काहीही साधत नाही, तरी लोक ती चार चार वेळा मागवतात. म्हणून आम्ही आता आधी स्क्रीनशॉट पाठवायला सांगतो.

आपलाच ईमेल पत्ता ठाऊक नसणे

ही सर्वांत मोठी चूक, आणि खरे तर तिला चूक म्हणणेही कठोर वाटावे, कारण आपल्याकडे अनेकांचे जीमेल खाते त्यांनी स्वतः उघडलेलेच नसते. कागलकडील एका लग्नाचा व्हिडिओ आम्ही नवरीच्या घरच्यांनी दिलेल्या यादीप्रमाणे शेअर केला होता. नवरीच्या मामींना तो काही केल्या दिसेना, तेव्हा त्या फोन घेऊनच आमच्याकडे आल्या. “मामी, तुमचा जीमेल कोणता?” असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “माझा कुठला आलाय जीमेल? फोन दाजींनी घेऊन दिला, बाकीचं सगळं दुकानातल्या पोरानं करून दिलं.” यादीत त्यांच्या नावापुढे मुलाने स्वतःचा कॉलेजच्या दिवसांतला पत्ता लिहिला होता. मी त्यांच्या फोनवर यूट्यूब उघडून खात्याच्या गोल चित्रावर बोट ठेवले, तर तेथे मामींच्या नावाचा मागमूसही नव्हता. दुकानाचे नाव, त्याला जोडून चार आकडे आणि पुढे जीमेल डॉट कॉम, असा त्यांचा पत्ता निघाला. तो पत्ता यादीत घातला आणि अर्ध्या मिनिटात मामींना अक्षता पडताना दिसल्या.

तेव्हा परवानगी मागण्याआधी आपल्या फोनवर यूट्यूब, जीमेल किंवा प्ले स्टोअर यांपैकी काहीही उघडावे, कोपऱ्यातील गोल चित्रावर दाबावे आणि नावाखाली दिसणारा पत्ता जसाच्या तसा कॉपी करून पाठवावा. तोंडी सांगू नये. फोनवरून सांगताना एखादे अक्षर राहते, ‘कॉम’चे ‘कॉन’ होते, आकड्यांची अदलाबदल होते. जीमेलच्या पत्त्यात नावाच्या मध्ये टिंब दिले काय किंवा न दिले काय, पत्ता एकच राहतो, त्यामुळे त्याची चिंता नको. मात्र एक अक्षर चुकले तर परवानगी कोणा तिऱ्हाइताच्या खात्याला जाऊ शकते. मोबाइल क्रमांक पाठवून “यावर परवानगी द्या” असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. यूट्यूबचे निमंत्रण ईमेल पत्त्यावरच दिले जाते आणि ते पाहण्यासाठी त्या पत्त्याचे गुगल खाते असावे लागते.

खाती तीन, परवानगी एकाला

एकाच फोनवर स्वतःचे, नोकरीच्या ठिकाणचे आणि मुलांच्या ऑनलाइन वर्गासाठी काढलेले अशी तीन खाती सहज असतात. ईमेल एका खात्यात वाचला जातो आणि लिंक दाबली की यूट्यूबचे अ‍ॅप भलत्याच खात्यात उघडते. अशा वेळी लॉगआउट करून गोंधळ वाढवण्याऐवजी गोल चित्रावर दाबून खाते बदलावे आणि मग लिंक पुन्हा उघडावी. ज्यांचे स्वतःचे यूट्यूब चॅनेल आहे त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. एका गुगल खात्याखाली एकाहून अधिक चॅनेल असू शकतात, आणि आपण व्यवसायाच्या चॅनेलच्या नावाने वावरत असलो तर वैयक्तिक पत्त्यावर आलेले निमंत्रण तेथे लागू पडत नाही. आमच्याच टेबलावरील एक सहकारी अर्धा तास या घोळात अडकला होता. इतरांना सांगणारे आम्ही सुटलो असे मुळीच नाही.

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमध्ये आलेली लिंक दाबली की ती बहुधा त्या अ‍ॅपच्याच आतील छोट्या ब्राउझरमध्ये उघडते, आणि तेथे गुगलचे खाते उघडलेले नसते. लिंक कॉपी करून क्रोममध्ये किंवा यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये उघडावी. टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहायचे असेल तर टीव्हीमध्ये कोणाचे खाते आहे हे आधी पाहावे. बहुतेक घरांत ते धाकट्या मुलाचे निघते.

प्रायव्हेट आणि अनलिस्टेड यांची गल्लत

मालकाकडून होणारी ही नेहमीची चूक आहे. अनलिस्टेड व्हिडिओ शोधात किंवा चॅनेलच्या पानावर दिसत नाही, पण लिंक ज्याच्या हाती पडेल त्या कोणालाही, खाते नसले तरी, तो पाहता येतो. प्रायव्हेट व्हिडिओ मालक आणि त्याने पत्ते घालून निमंत्रित केलेले लोक यांनाच दिसतो. सत्तर पाहुण्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रायव्हेट व्हिडिओची लिंक टाकणे म्हणजे सत्तर जणांना कुलूपबंद दार दाखवणे होय. उलट घरातील खासगी प्रसंगाचा व्हिडिओ अनलिस्टेड ठेवला, तर लिंक किती हातांतून फिरली याचा पत्ताही लागत नाही. हळदीचा, संगीताचा व्हिडिओ सर्वांसाठी असेल तर माझ्या मते अनलिस्टेड पुरेसा आहे. बारशाचा किंवा लहान मुलांचा व्हिडिओ मात्र थोडे कष्ट घेऊन प्रायव्हेटच ठेवावा.

“पूर्वी हीच लिंक चालत होती, आता चालत नाही,” ही तक्रार जुन्या व्हिडिओंबाबत विशेष येते आणि तिला ठोस कारण आहे. १ जानेवारी २०१७ पूर्वी अपलोड झालेले अनलिस्टेड व्हिडिओ यूट्यूबने २३ जुलै २०२१ पासून प्रायव्हेट केले. ज्या मालकांनी मुदतीत नकार कळवला त्यांचेच तेवढे वगळले. त्यामुळे २०१५ मधील लग्नाची लिंक एके दिवशी आपोआप बंद पडली असेल, तर त्यात पाहणाऱ्याचा दोष नाही. मालकाने आपल्या खात्यात जाऊन तो व्हिडिओ पुन्हा अनलिस्टेड करावा किंवा निमंत्रणे द्यावीत. ज्या व्हिडिओला प्रकाशनाची वेळ लावून ठेवलेली असते तोही त्या वेळेपर्यंत प्रायव्हेटच असतो, हे लिंक आधीच वाटून मोकळे होणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

यूट्यूबवर निमंत्रण द्यायचे काम संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडून करावे. कंटेंटच्या यादीत त्या व्हिडिओसमोरील व्हिजिबिलिटीच्या रकान्यात खासगीरीत्या शेअर करण्याचा पर्याय मिळतो, तेथे पत्ते घालायचे आणि शेवटी सेव्ह दाबायचे. हे शेवटचे बटण विसरून “मी तर परवानगी दिली आहे” असे ठामपणे सांगणारे मालक मी पाहिले आहेत. प्लेलिस्टची लिंक पाठवल्याने तिच्यातील प्रायव्हेट व्हिडिओ खुले होत नाहीत. प्रत्येक व्हिडिओसाठी पत्ते वेगळे घालावे लागतात.

ड्राइव्हवरील विनंती आणि तिची वाट

यूट्यूबच्या प्रायव्हेट व्हिडिओवर परवानगी मागण्याचे बटण नसते, मालकाला वेगळे कळवावेच लागते. गुगल ड्राइव्हवर तसे बटण असते, आणि तेच लोकांना बेसावध करते. बटण दाबले की मालकाला ईमेल जातो, पण आपल्याकडे ईमेल रोज उघडणारे थोडे. विनंती तेथे आठवडाभर पडून राहते. त्यामुळे विनंती पाठवल्यावर साधा फोन करून सांगावे. धीर न धरता तीन खात्यांवरून तीन विनंत्या पाठवू नयेत, कारण मालक त्यांतील एकच मंजूर करतो आणि आपण नेमके उरलेल्या दोनपैकी एका खात्यात बसलेलो असतो. विनंतीसोबत संदेश लिहिण्याची सोय असते, तेथे ‘मी नवरीची चुलती, गारगोटी’ असे लिहिले तरी पुरे. अनोळखी पत्त्याला कोणताही शहाणा मालक परवानगी देणार नाही.

मालकाने पाहणाऱ्यांना ‘व्ह्यूअर’ एवढाच अधिकार द्यावा. घाईत ‘एडिटर’ केले तर ती व्यक्ती फाइल पुढे इतरांना शेअर करू शकते. शेअर केलेल्या फोल्डरमधून फाइल उचलून दुसरीकडे ठेवली की फोल्डरमुळे मिळालेली परवानगीही जाते, आणि कालपर्यंत पाहणाऱ्याला आज नकार येतो. नुकत्याच चढवलेल्या मोठ्या व्हिडिओवर ड्राइव्हची प्रक्रिया सुरू असते, तेव्हा थांबावे किंवा फाइल उतरवून घ्यावी. फार लोकांनी फाइल पाहिल्याचा किंवा उतरवल्याचा संदेश आला तर परवानगीत काही बिघडलेले नसते; २४ तासांपर्यंत वाट पाहावी लागू शकते.

संस्थेच्या खात्याचा प्रश्न वेगळा आहे. येथील एका महाविद्यालयातील प्राध्यापकांनी व्याख्यानांचे रेकॉर्डिंग संस्थेच्या ड्राइव्हवर ठेवले आणि विद्यार्थी आपापल्या घरगुती जीमेलवरून विनंत्या पाठवत राहिले. संस्थेबाहेरच्या खात्यांना शेअर करण्यास तेथे मनाई होती, त्यामुळे प्राध्यापकांनी मंजुरी देऊनही उपयोग नव्हता. अशा ठिकाणी संस्थेने दिलेल्या पत्त्यानेच लॉगिन करावे, नाही तर संस्थेचे खाते सांभाळणाऱ्याला गाठावे.

आडवाटेने पाहण्याचा मोह

‘प्रायव्हेट व्हिडिओ पाहा’ असे आश्वासन देणाऱ्या वेबसाइट आणि अ‍ॅप यांच्या नादी लागू नये. परवानगी गुगलच्या सर्व्हरवर तपासली जाते, ती बाहेरच्या कोणाला बदलता येत नाही; या साइटना आपला पासवर्ड किंवा ओटीपी तेवढा हवा असतो. फसवणूक उलट दिशेनेही येते. २०२५ मध्ये यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांचा कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला बनावट व्हिडिओ चॅनेलचालकांना प्रायव्हेट शेअर करून त्यांची खाती बळकावण्याचे प्रयत्न झाले, आणि आम्ही कधीही प्रायव्हेट व्हिडिओद्वारे संपर्क साधत नाही, असे यूट्यूबला जाहीर करावे लागले. तेव्हा न मागता आलेले निमंत्रण आधी संशयाने पाहावे. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

पाठवणाऱ्याने लिंक वाटण्यापूर्वी ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो विंडोमध्ये, म्हणजे जेथे आपले कोणतेही खाते उघडलेले नसते तेथे, स्वतः उघडून पाहावी. अनलिस्टेड असेल तर तेथे व्हिडिओ चालू झाला पाहिजे, प्रायव्हेट असेल तर नकार आला पाहिजे. उलटे घडले तर सेटिंग चुकले आहे.

मामींनी तो व्हिडिओ त्या रात्री दोनदा पाहिला, असे त्यांच्या मुलाकडून कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला : “निपाणीच्या बहिणीला लिंक पाठवलीया, पण तिला उघडंना झालाय.” बहिणीला कोपऱ्यातील गोल चित्रावर बोट ठेवायला सांगा, असे मी मामींना सांगितले आहे, पत्ता अजून यायचा आहे.