परसबागेतील घुशींचा बंदोबस्त करताना या चुका टाळा

रताळ्याचा वेल वरून हिरवागार दिसतो, पण खणून पाहावे तर कंदाची नुसती साल उरलेली असते. अळूचे गड्डे कुरतडलेले असतात आणि कुंपणाच्या भिंतीलगत रातोरात मातीचा ढीग उभा राहतो. आपल्याकडच्या परसबागेत असे घडले, तर बहुतेक वेळा ते काम घुशीचे असते. मग दुकानातून विषारी औषध आणून दिसेल त्या बिळात टाकले जाते, आणि बिघडते ते इथूनच.

आधी बीळ कोणाचे आहे ते पाहावे. घुशीच्या बिळाचे तोंड मुठीएवढे किंवा त्याहून मोठे असते आणि बाहेर ताज्या मातीचा उकीर पडलेला असतो. रात्री भिंतीच्या कडेने चिकचिक करत धावणारी, लांब निमुळत्या तोंडाची चिचुंद्री उंदीर-घुशींच्या कुळातली नाही. ती मुख्यतः किडे खाते, त्यामुळे तिला मारण्यात बागेचेच नुकसान आहे. (घूस कोंडीत सापडली की डुकरासारखी गुरगुरते, तिच्या ‘पंदिकोक्कु’ या तेलुगू नावाचा अर्थही ‘डुक्कर-उंदीर’ असाच होतो.) उकीर नसलेल्या जुन्या बिळात तर मुळीच हात घालू नये, कारण अशा जागी नाग किंवा धामण मुक्कामाला असू शकते. साप दिसल्यास सर्पमित्राला बोलवावे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सापाला मारता येत नाही.

दुसरी चूक म्हणजे सगळी बिळे चालू आहेत असे समजणे. एकाच घुशीच्या बिळाला अनेक तोंडे असतात, त्यामुळे सहा भोके दिसली म्हणजे सहा घुशी आहेत असा हिशेब चुकीचा ठरतो. संध्याकाळी सर्व तोंडे मातीने हलकेच बुजवावीत आणि सकाळी कोणती उघडली आहेत ते पाहून तिथे काठी रोवून खूण करावी. यात एक गोम आहे. आकाराने लहान असणारी, शेतात आणि गोदामातही आढळणारी घूस स्वतःच आतून मातीने तोंड बंद करते. म्हणून ताजा, ओलसर उकीर असूनही तोंड बुजलेले दिसले, तर उलट ते मोकळे करून ठेवावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद झालेले आढळले, तर आत जनावर आहे हे नक्की समजावे.

विषाच्या बाबतीत सर्वांत जास्त गफलत होते. झिंक फॉस्फाइडची काळपट पूड पोटातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फिन हा विषारी वायू तयार करते. ज्या घुशीने त्याचे आमिष थोडेसेच चाखले आणि जी आजारी पडून वाचली, ती त्या खाद्याला पुन्हा तोंड लावत नाही. म्हणूनच शेतीतील शिफारशीत आधी दोन-तीन दिवस तेल लावलेले साधे धान्य ठेवून सवय लावण्यास सांगितलेले असते. मात्र या विषावर उतारा नाही, त्यामुळे लहान मुले, कुत्री किंवा मांजरे वावरतात त्या घराच्या बागेत ते न वापरणेच शहाणपणाचे आहे. ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांमुळे रक्त गोठण्याची क्रिया थांबते आणि घूस काही दिवसांनी मरते. दुसऱ्याच दिवशी ‘औषध नकली निघाले’ म्हणून आणखी वड्या टाकणे व्यर्थ आहे. वडी बिळात खोलवर ठेवावी, उघड्यावर नव्हे, आणि मेलेली घूस हातमोजे घालून खोल पुरावी, कारण ती खाणाऱ्या घुबडाला किंवा मांजरालाही विषबाधा होते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर कोणी आणून दिल्या तरी वापरू नयेत. त्यांचा वायू बिळातून जोत्याखाली आणि तिथून निजायच्या खोलीत शिरू शकतो.

बिळात पाण्याचा पाइप सोडल्याने घूस दुसऱ्या तोंडातून निघून जाते आणि आपल्याच भिंतीखालची माती खचते. डांबराच्या गोळ्या टाकून माती तेवढी दूषित होते.

कुटुंबवस्तीत पिंजराच बरा, पण उंदराचा हलका पिंजरा घूस वाकवते, म्हणून जाड तारेचा, मोठा पिंजरा घ्यावा आणि तो अंगणाच्या मध्यभागी न मांडता भिंतीलगतच्या तिच्या वाटेवर ठेवावा. पहिल्या दोन-तीन रात्री दार बांधून उघडे ठेवावे, आत सुका बोंबील, भजे किंवा भाजलेले खोबरे नुसते खाऊ द्यावे आणि त्यानंतरच चाप लावावा. नवी वस्तू पाहिली की घूस बिचकते, हे विसरून पहिल्याच रात्री चाप लावणारे हमखास निराश होतात.

घूस गेल्यावर बीळ नुसत्या मातीने भरणे ही शेवटची चूक. मऊ माती पुढच्या घुशीला आयतीच मिळते. भिंतीलगतच्या भोकात काचेचे तुकडे घातलेला सिमेंटचा माल ठासावा आणि कंदांच्या वाफ्याखाली अर्ध्या इंचाची जस्ताचा मुलामा दिलेली जाळी अंथरावी. खरकटे टाकलेला उघडा खतखड्डा, झाडाखाली पडलेली फळे आणि कुत्र्याच्या ताटलीत रात्रभर राहिलेले अन्न मात्र तसेच राहिले, तर हा सगळा खर्च वाया जातो. पावसाळ्यात बिळांजवळच्या चिखलात घुशी-उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात, म्हणून पायाला जखम असताना तिथे अनवाणी जाऊ नये, आणि अशा चिखलात काम केल्यानंतर ताप आला, तर डॉक्टरांना घुशींचा उल्लेख आवर्जून करावा.