प्लांटेड टँकला स्वस्तातला सीओटू लावताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेत प्लांटेड टँकवाले, म्हणजे माशांच्या टाकीत खरी झाडं लावणारे, आता बरेच झालेत आणि सगळ्यांची गाडी साधारण एकाच वळणावर येते. हौसेनं झाडं आणली, झगझगीत लाईट लावला, थोड्या दिवसात पानं पिवळी पडून गळायला लागली, मग कोणीतरी सांगतं सीओटू लाव, म्हणजे पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोड. सिलिंडर-रेग्युलेटरचा खर्च ऐकला की पोटात गोळा येतो आणि माणूस बाटल्यांच्या सीओटूकडे वळतो, म्हणजे कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत ईस्ट-साखर किंवा सायट्रिक-सोडा घालून गॅस घरीच बनवतो. त्यात चुकीचं काहीच नाही, दोन-अडीच फुटी टँकला बाटल्यांचा सीओटू मस्त चालतो. पण लोक बाटलीत पैसे वाचवायचे सोडून व्हॉल्व्ह, पाइप आणि ड्रॉप चेकरमधे वाचवतात, आणि सगळा घोळ तिथंच होतो.

आधी एक बघा, तुमच्या टँकला सीओटू लागतो का. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्ट, मॉस एवढंच असेल तर नाही लागत. लाईट सहा-सात तासांवर आणा, खत वेळेवर घाला, झालं. लाल रोटाला किंवा खाली मॉन्टे कार्लोची गादी पाहिजे असेल तर पुढचं वाचा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पीएचच्या आकड्यामागं धावणं, आणि आपल्याकडं ही चूक मासे मारते. विश्रामबागेतला एक पोरगा आहे, इंजिनिअरिंगला, चांगला हुशार. त्यानं कुठंतरी व्हिडिओत बघितलं की पीएच ६.६ ला आणला की सीओटू ३० पीपीएम होतो, झाडं खूश (पाण्यात सीओटू विरघळला की पीएच खाली येतो). याच्या टँकचा पीएच हलायलाच तयार नाही, सात-सव्वासातला अडकलेला. म्हणून हा रोज थोडा थोडा नीडल व्हॉल्व्ह (गॅस कमी-जास्त करायची चावी) उघडत गेला, शेवटी बबल मोजता येत नव्हते इतका. एका संध्याकाळी फोन, "दादा, मासे सगळे वर आलेत, तोंड उघडून उघडून करतायत, काय करू?" मी म्हटलं पहिलं व्हॉल्व्ह बंद कर, एअर पंप असेल तर फुल लाव, निम्मं पाणी बदल, बाकीचं मी आल्यावर बोलू. जाऊन बघतो तर चार-पाच टेट्रा तळाला पडलेले, उरलेले कोपऱ्यात पृष्ठभागाला चिकटून धापा टाकतायत.

पाणी बोअरचं. केएच, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा क्षार, जो पीएच खाली येऊ देत नाही, तो तपासला तर किटवर १२ आला. आता हिशोब बघा. पाण्यातला सीओटू पीपीएममधे काढायचा तर ३ गुणिले केएच गुणिले दहाचा घात (७ वजा पीएच). केएच ४ असेल तर पीएच ६.६ ला ३० पीपीएम बसतो, व्हिडिओवाला बरोबरच होता, त्याच्या पाण्यापुरता. पण केएच १२ असताना पीएच ७.१ लाच सीओटू जवळपास ३० पीपीएम झालेला असतो, आणि तोच पीएच ओढून ६.६ ला आणला की ९०. म्हणजे तिप्पट! पोरगा ज्याला अजून सुरुवात समजत होता तिथंच त्यानं थांबायला पाहिजे होतं. त्याला केएच म्हणजे काय हेच कोणी सांगितलं नव्हतं, आणि टँक विकणाऱ्यानं सांगायला पाहिजे होतं असं मला आजही वाटतं.

म्हणून ड्रॉप चेकर घ्या. छोटी काचेची कुपी असते, टँकच्या आत लावायची. निळी म्हणजे सीओटू कमी, हिरवी म्हणजे ३० च्या आसपास, पिवळी म्हणजे धोका. त्यात टँकचं पाणी भरू नका, हे पण लोक सर्रास करतात, मग रंग काहीही दाखवतो. ४ डीकेएचचं, म्हणजे केएच ४ असलेलं, तयार द्रावण मिळतं तेच भरायचं, वर इंडिकेटरचे थेंब. आणि ती लगेच रंग बदलत नाही, तास-दोन तास मागं असते. व्हॉल्व्ह फिरवला, पाच मिनिटं बघितलं, निळीच आहे म्हणून परत फिरवला, असं करणाऱ्याला मी सीओटू लावूच देत नाही. दोन फुटी टँकला दोन-तीन सेकंदाला एक बबल इथून सुरू करा आणि दिवसातून एकदाच हात लावा. रंगापेक्षा मासे महत्त्वाचे. हिरव्यातच मासे वर यायला लागले तर कमी करा, वाद नाही. चेरी श्रिंप (छोटी कोळंबी) असतील तर अजूनच जपून.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे एअर पंपाबरोबर येतो तो पांढरा मऊ सिलिकॉन पाइप. सिलिकॉनमधून सीओटू आरपार झिरपतो, पाइप फुटलेला नसतानाही. बबल काउंटरला (बबल मोजायच्या कुपीत) बबल छान दिसतायत आणि डिफ्यूझरला (गॅसचे बारीक बबल करून पाण्यात सोडतो तो) काहीच नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात, झाडांना दोष देतात, खताला दोष देतात, डिफ्यूझर बदलतात, आणि गॅस मधल्यामधे हवेत जात असतो. पीयू पाइप घ्या. कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला कॉम्प्रेसरचं, न्यूमॅटिकचं सामान मिळतं तिथं ६ एमएमचा पीयू पाइप मीटरवर मिळतो, महाग नाही. जरा कडक असतो, टोक गरम पाण्यात धरलं की नोझलवर बसतो.

मग लीक. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश. प्रत्येक जोडावर लावायचं आणि शांतपणे बघत बसायचं, एका नजरेत दिसत नाही. झाकणाच्या आट्यांवर एखादा बारीक फुगा अर्ध्या मिनिटानं उगवतो, तोच तुमचा चोर. मी प्रेशर गेजच्या काचेवर रात्री पेननं काट्याजवळ खूण करतो, नीडल व्हॉल्व्ह बंद ठेवून. सकाळी काटा बराच खाली आला असला तर परत ब्रश. झाकणाला भोक पाडून फेव्हिक्विकनं पाइप चिकटवणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, त्या प्लास्टिकला ते धरत नाही. डी-२०१ नावाचं दोन झाकणांचं तयार किट येतं, ते घ्या.

चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) नसेल तर बाटल्या चालूच करू नका. गॅस संपला की बाटलीतलं प्रेशर पडतं आणि टँकचं पाणी पाइपानं उलटं खाली यायला लागतं. आधी बाटलीत, मग जमिनीवर, मग खालच्या मल्टीप्लगवर. पितळेचा किंवा स्टीलचा घ्या, प्लास्टिकवाल्याच्या आतलं रबर कधी दगा देईल सांगता येत नाही.

ईस्ट का सायट्रिक अॅसिड? माझं मत सरळ आहे, सायट्रिक. ईस्टचं मिश्रण, म्हणजे दोन लिटरच्या बाटलीत २०० ग्रॅम साखर आणि पाव चमचा ईस्ट, स्वस्त आहे हे खरं, पण त्याला बंद करायचं बटण नाही. एप्रिल-मेमधे सांगलीच्या उकाड्यात पहिले काही दिवस धो धो गॅस, नंतर रडतखडत, आणि सीओटू असा वरखाली झाला की पानांच्या कडांना काळं केसाळ शेवाळं धरतं, ते काढता काढता नाकी नऊ येतात. तरी करायचंच असेल तर पाणी कोमट घ्या, कढत पाण्यात ईस्ट मरतं. आणि मधे एक छोटी पाण्याची बाटली ठेवा म्हणजे फेस टँकमधे जाणार नाही.

सायट्रिकचं प्रमाण मी ठेवतो ते असं, एका बाटलीत २०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड आणि ६०० मिली पाणी, दुसरीत २०० ग्रॅम खायचा सोडा आणि २०० मिली पाणी. दोन्ही गणपती पेठेत किलोनं मिळतं. खायचा सोडा म्हणजे खायचा सोडाच, बेकिंग पावडर नाही. बेकिंग पावडरमधे अॅसिड आधीच असतं, पाणी घातलं की झाकण लावायच्या आत फसफसून वर येतं. अॅसिडची बाटली पहिल्यांदा दाबताना हलक्या हातानं, थोडं अॅसिड पलीकडं गेलं की थांबा, गेज बघा. सोड्याची बाटली हाताला गार लागायला लागते, म्हणजे काम चालू झालं. घाईनं जोरात दाबलं तर प्रेशर एकदम चढतं. बाटल्या फक्त कोल्ड्रिंकच्या. पाण्याच्या बाटल्या पातळ असतात, त्या फुटतात.

रात्री सीओटू बंद. अंधारात झाडं सीओटू घेत नाहीत, उलट माशांबरोबर तीही ऑक्सिजन खातात. लाईटच्या तास-दीड तास आधी चालू, टँकचा लाईट बंद व्हायच्या तासभर आधी बंद. टायमरवर सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह) लावला तर उत्तम, नाहीतर रात्री एअर पंप. पण लोडशेडिंगचं काय? सोलेनॉइड असेल तर लाईट गेली की तो आपोआप बंद होतो. नुसता नीडल व्हॉल्व्ह असेल तर फिल्टर बंद आणि गॅस चालू, पाणी हलत नाही, तासा-दोन तासात मासे वर. बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवाच, तो लाईट गेल्यावर आपोआप चालू होणारा मिळतो.

डिफ्यूझर महिन्यातून एकदा ब्लीचच्या पाण्यात भिजवा आणि भरपूर धुवा. एअर स्टोन डिफ्यूझरच्या जागी चालत नाही, मोठे बबल सरळ वर जाऊन फुटतात.

मिश्रण संपल्यावर झाकण कधीही डायरेक्ट उघडू नका, आधी नीडल व्हॉल्व्ह उघडून काटा शून्यावर येऊ द्या. उरलेलं पाणी मोरीत ओतलं तरी चालतं. बाटली धुताना उजेडात धरून बघा, दाबून दाबून तिच्यावर पांढऱ्या घड्या पडलेल्या दिसल्या तर टाकून द्या आणि नवीन लावा.