मुलाचं वजन कमी करायला योगा लावताय? मग या चुका टाळा

जुळे सोलापुरात सकाळी मुलांचा योगा घेते मी, आणि मे महिना लागला की आईबापांचा एक डायलॉग ठरलेला, "मॅडम, सुट्टीभर पाठवतो, शाळा सुरू व्हायच्या आत पाच-सात किलो उतरवून द्या." पोरगं शेजारीच उभं असतं, मान खाली घालून टी-शर्ट पोटावरनं पुढं ओढत. सगळं ऐकत असतं ते. दरवर्षी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून टाकते.

पहिली चूक म्हणजे हा किलोचा हट्ट. वाढत्या वयात बऱ्याच मुलांचं वजन उतरवायचं नसतंच, आहे तिथं धरून ठेवायचं असतं, उंची वाढली की जमतं. आणि मोबाईलवर मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, काढून पोराला लावू नका, मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा की मुलगी हे बघून तक्त्यावर मांडतात. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 5 ते 18 वयाचे तक्ते 2015 पासून आहेत, डॉक्टरांना विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या क्लासात वजनकाटाच नाही. भिंतीवर पेन्सिलनं उंचीची खूण करते आणि जिना चढताना पोरगं बोलू शकतं का ते बघते, बास.

आता कपालभाती. याच्यावर मी तासभर बोलू शकते. कुणीतरी व्हिडिओत सांगितलेलं असतं रोज पाचशे मारा, पोट आत जातं, की लगेच नऊ वर्षाच्या पोरीला बसवतात. एक बाबा तर क्लासच्या आधी सतरंजीवर मुलीला घेऊन बसले, स्वतः मोठ्यानं आकडे मोजतायत, ती बिचारी खांदे उडवत फुस्स फुस्स करतीये, आणि घरनं निघताना पोहे आणि वर ग्लासभर दूध पाजलेलं. व्हायचं तेच झालं, सगळं सतरंजीवर. वर बाबा म्हणतात, "मॅडम, टॉक्सिन बाहेर पडलं." अहो टॉक्सिन नाही, पोहे होते ते!

कपालभातीनं पोटावरची चरबी वितळत नाही, आणि अमुक आसन केलं की तमुक जागची चरबी गेली असंही होत नसतं. लहान मुलांना मी जोरजोरात श्वास फेकायला लावतच नाही. भारी अंगाच्या मुलांना शीर्षासन, सर्वांगासनही नाही, मानेवर भार येतो. ताडासन, वीरभद्रासन, भुजंगासन, सावकाश सूर्यनमस्कार आणि शेवटी शवासन, एवढं पुरतं. तेही रिकाम्या पोटी, आणि मे महिन्यात सातच्या आत, नंतर सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको.

आणि खरं सांगू का, नुसत्या योगानं फार कॅलरी जळत नाहीत. योगानं श्वास पुरायला लागतो, गुडघ्याजवळचे स्नायू बळकट होतात, मूल स्वतःच्या अंगाला लाजायचं कमी होतं, हे काय थोडं आहे? पण 5 ते 17 वयाला रोज सरासरी तासभर दम लागेल अशी हालचाल पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यात पळणं आलं, सायकल आली. म्हणून मी आधी लंगडी, शिवाशिवी खेळवते. त्यावर पण तक्रार असते, "फी योगाची घेता आणि खेळवत बसता."

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र एकट्या पोराला डाएटवर टाकायची. पाचवीतला एक मुलगा होता, घरात रविवारी सगळ्यांना मटण-भाकरी आणि ह्याच्या ताटात काकडी, रात्रीचं जेवण तर बंदच. महिन्याभरानं वजन वाढलेलं, आणि आई माझ्यावर चिडलेली की तुमच्या योगाचा काय उपयोग नाही. त्याला बाजूला घेऊन विचारलं, "का बे, काय खातोस खरं सांग." आधी हसला, मग एकेक निघालं. आजी रात्री गुपचूप तूप लावून शेंगापोळी देत होती, शाळेसमोरच्या दुकानात चिप्सची उधारी होती, आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात बिस्किटाचा पुडा. आजीचं काय चुकलं म्हणा, उपाशी झोपलेलं नातवंड कुणाला बघवेल?

मग आजीलाच कामाला लावलं. सगळ्या घराला एकच स्वयंपाक, त्याचं ताट आजीनंच वाढायचं, आधी भाजी आणि आमटी, दुसरी भाकरी मागितली तर दहा मिनिटं थांबून. रात्रीचं जेवण सुरू, पण लवकर. कोल्ड्रिंक घरात आणायचंच नाही, बाबांनी पण नाही, 300 मिलीच्या बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते आणि मुलांना अख्ख्या दिवसाला वरनं घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत पाहिजे. दिवाळीला घेतलेली पॅन्ट पुढच्या जूनमध्ये त्याला लांबीला आखूड झाली, कमरेला मात्र तीच बसली. काट्यावर वजन जवळपास तेवढंच होतं म्हणून आई नाराज. आता काय बोलणार!

बाकीच्या चुका पटापट सांगते. डब्यावर पौष्टिक लिहिलेली चॉकलेटी पावडर, तिच्या मागच्या बाजूला साखर किती ते वाचा. ज्यूस नको, फळ चावून खाऊ दे. शेंगाचटणी आपला जीव की प्राण, पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, तेव्हा चमचाभर, वाटीभर नाही. जेवताना मोबाईल नको. 6 ते 12 वयाला 9 ते 12 तास झोप लागते, रात्री बारापर्यंत रील्स बघणाऱ्या घरात ती कुठनं येणार? आणि पोराला जाड्या, ढोल्या म्हणणाऱ्या मामा-काकांना तिथल्या तिथं गप्प करा.

मान काळी पडलीये म्हणून बेसन-लिंबू घासत बसू नका, तो मळ नसतो, बऱ्याचदा शरीरात इन्सुलिनचं गणित बिघडल्याची खूण असते. तसंच रात्री जोरात घोरणं, किंवा वजन वाढतंय पण उंची थांबलीये, यातलं काहीही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ, मग योगा. क्लासला येताना डॉक्टरांचा कागद घेऊन या, मी तो वाचल्याशिवाय सूर्यनमस्कार सुरू करत नाही.