हवामान परिषदेवरचं प्रहसन रंगत नव्हतं, ते असं जमलं

लक्षण: दहाव्या मिनिटालाच प्रेक्षक थंड. नेत्यांच्या नकला घातल्या, संवाद वाढवले, फरक शून्य. फार वैताग आला.

विनोद माणसांत नाही, परिषदेतल्या कराराच्या मसुद्यात आहे. आधी पडद्यावर एकच वाक्य ठेवा. मग प्रत्येक पात्राला त्यातला एकच शब्द बदलू द्या. वादाचा शब्द चौकोनी कंसात टाका. खऱ्या मसुद्यातही एकमत न झालेला मजकूर तसाच असतो. मतदान दाखवू नका, तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. कंस भरपूर साचल्यावरच क्रियापदाला हात लावा: पॅरिसला २०१५ मध्ये कराराच्या कलम ४.४ मधलं ‘शॅल’ (करावंच लागेल) ऐन वेळी ‘शुड’ (करायला हवं) झालं, ग्लासगोला २०२१ मध्ये कोळशाची वीज ‘बंद करणं’ जाऊन ‘कमी करणं’ आलं. पडद्यावरची बदललेली ओळ दोनदा, सावकाश वाचा. क्रियापद आधी बदललं तर हशा येत नाही.