ऑक्टोबरात हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर ट्राउट मासा धरायला जाताय? मग हे वाचून जा

आधी तारीख बघा. हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत बंद असते, त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात असेल तर रॉड घरीच ठेवा, ऑक्टोबरात असेल तर मात्र लॉटरी. मत्स्य विभागाचं परमिट लागतं, नदीकाठच्या गुशैनी गावातल्या होमस्टेवाल्याला आधीच फोन करून विचारून ठेवा कुठून काढायचं ते. दिल्ली-मनाली बसने गेलात तर ऑटला उतरायचं, तिथून बंजार आणि पुढे गुशैनी.

आता पाणी. पावसाळ्यात गढूळ नि धो-धो वाहणारी हीच नदी ऑक्टोबरात उतरते आणि काचेसारखी होते, तळातला गोटा न् गोटा दिसतो. आपल्याला वाटतं वा, मासे दिसतायत, पण मासाही तुम्हाला बघतोय ना! पहिल्या दिवशी मी एका मोठ्या धोंड्यावर ऐटीत उभा राहिलो, खाली डोहात दोन मासे मस्त डोलत होते, हात वर केला, सावली पाण्यावर पडली आणि पुढचा अर्धा तास तिथे फक्त पाणी. दुसऱ्या दिवशी त्याच जागी खालच्या अंगाने, म्हणजे माशाच्या पाठीमागून, अक्षरशः गुडघ्यांवर सरकत गेलो, पाण्यावर फक्त लीडर (जाड लाईनच्या टोकाला बांधलेला बारीक, पारदर्शक दोरा) पडेल एवढीच लाईन टाकली, आणि तिसऱ्या कास्टला, म्हणजे फेकीला, मासा लागला.

त्यामुळे माझं मत, फ्लाय (किड्यासारखा दिसणारा, पिसं-दोरे गुंडाळलेला गळ) कुठली यापेक्षा पाय कसा टाकता ते बघा. भडक टी-शर्ट नको, आणि कोकणात गरी टाकून गप्पा मारत बसायची सवय असेल तर ती इथे सोडा. लीडर नऊ फुटी, टिपेट, म्हणजे लीडरचं अगदी बारीक टोक, फाइव्ह-एक्स किंवा सिक्स-एक्स (आकडा मोठा तेवढा दोरा बारीक). पाण्यावर तरंगणारी १६ नंबरची पॅराशूट अ‍ॅडम्स फ्लाय आणि तिच्याखाली दीड-दोन फुटांवर छोटी, पाण्यात बुडणारी फेझंट टेल निम्फ, एवढ्यावर माझं भागतं. धोंड्यामागे जिथे पाणी मंदावतं तिथे टाका, फ्लाय प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्या, लाईनने ओढली गेली की मासा ढुंकून बघत नाही.

पहाटे उठून पळू नका हो, काही उपयोग नाही. दरी अरुंद, ऊन उशिरा येतं, पाणी बर्फगार असतं आणि मासा सुस्त. नाश्ता करून दहा-साडेदहाला जा. ढगाळ दुपार मिळाली तर सोन्याहून पिवळं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ब्राउन ट्राउटचा अंडी घालायचा हंगाम याच सुमारास तोंडावर येतो, बंदी त्यासाठीच आहे. उथळ पाण्यात बारीक खडीवर ताटाएवढा, आजूबाजूपेक्षा उजळ, नुकताच घासल्यासारखा पट्टा, म्हणजे अंडी घालायची जागा, दिसला आणि वर जोडी घुटमळत असेल तर तिथे गळ टाकू नका, त्यावरून चालू तर अजिबात नका. पकडलेला सोडणार असाल तर गळ बिनदात्याचा (टोकाला उलटा काटा नसलेला) घ्या, हात आधी ओले करा, आणि फोटोसाठी मासा उगाच वर धरून ठेवू नका.

आणि दोन-तीन जादा लीडर होमस्टेवरच बांधून न्या, कारण ऊन डोंगरामागे गेलं की दहा मिनिटांत बोटं इतकी गारठतात की सिक्स-एक्सची गाठ बांधणं सोडाच, खिशाची चेनही उघडत नाही.