स्क्रिप्टने लेयरची पारदर्शकता बदलताना या चुका टाळा

सावली, धूर, पाणी, भूत अशा गोष्टी आपण पिक्सेल आर्टमध्ये वेगळ्या लेयरवर काढतो आणि तो लेयर थोडा विरळ करतो. दोन-चार फाइल असतील तर स्लायडर हाताने ओढून भागतं, साठ स्प्राइट (खेळातली छोटी चित्रं) असतील तर स्क्रिप्ट लागतेच. हाताने चुकलं तर लगेच दिसतं. स्क्रिप्ट चुकली की साठही फाइल तीच चूक घेऊन सेव्ह होतात, आणि बहुतेक वेळा एररही येत नाही. इथे मुख्यतः असेप्राइट हा पिक्सेल आर्टचा प्रोग्राम आणि लुआ भाषेत लिहिलेल्या त्याच्या स्क्रिप्ट डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

आकडा कुठल्या मापातला?

पहिला गोंधळ आपल्या बोलण्यातच आहे. आपण 'पारदर्शकता' म्हणतो, पण प्रोग्राममधली ओपॅसिटी नेमकी उलट असते: ३० टक्के पारदर्शक म्हणजे ओपॅसिटी ७० टक्के. स्क्रिप्टमधल्या व्हेरिएबलचं नाव म्हणूनच 'ओपॅसिटी' ठेवा.

मग मापाचा प्रश्न येतो. असेप्राइटच्या स्क्रिप्टमध्ये लेयरची ओपॅसिटी ० ते २५५ असते. क्रिटा या चित्रं काढायच्या प्रोग्रामच्या स्क्रिप्टमध्येही तसंच. गिंप या दुसऱ्या प्रोग्रामला ० ते १०० लागतं, तर ओपनरास्टर या लेयर असलेल्या फाइल-प्रकारात ०.० ते १.०. असेप्राइटला 'अर्धा' म्हणून ५० दिलात तर लेयर जेमतेम २० टक्के उरतो. लेयर जवळजवळ नाहीसा झाला असेल तर आधी हेच तपासा. टक्क्यांना २.५५ ने गुणा आणि पूर्णांक करून द्या. ५० टक्क्यांना १२८.

आकडा बरोबर, तरी चित्र फिकट

लेयरला ओपॅसिटी असते, तशी त्या लेयरवरच्या प्रत्येक फ्रेमच्या सेललाही (त्या लेयरवरचं त्या फ्रेमपुरतं चित्र) स्वतःची असते, आणि पिक्सेलच्या रंगात अल्फा, म्हणजे त्या पिक्सेलची स्वतःची ओपॅसिटी, असतो तो वेगळाच. तिन्हींचा गुणाकार होतो. लेयर १२८ आणि सेलही १२८ असेल तर पडद्यावर पाव भागच दिसतो. ॲनिमेशनमध्ये एखादीच फ्रेम फिकट पडत असेल तर लेयरला हात लावू नका. त्या फ्रेमच्या सेलची ओपॅसिटी बघा.

ग्रुप: सगळ्यात जास्त इथे फसतं

समजा भुताचं डोकं, धड आणि हात तीन लेयरवर आहेत आणि ते तिन्ही एकाच ग्रुपमध्ये ठेवले आहेत. स्क्रिप्टने तिन्ही लेयर ५० टक्के केले. जिथे हात धडावर येतो तिथे दोन अर्धे थर मिळून ७५ टक्के झाकतात, डोकंही त्यावर आलं तर ८७.५ टक्के. भूत एकसारखं विरळ दिसायच्या ऐवजी सांध्यांवर गडद डाग पडतात आणि हातामागचं धड दिसायला लागतं. तुम्हाला आधी सगळं एकत्र करून मग विरळ करायचं होतं, स्क्रिप्टने आधी विरळ करून मग एकत्र केलं.

ग्रुपलाच ओपॅसिटी द्यावी, तर असेप्राइटमध्ये ती ग्राह्य धरायची की नाही हे फाइलच्या हेडरमधला (सुरुवातीच्या माहितीतला) एक फ्लॅग, म्हणजे हो-नाही अशी खूण, ठरवतो. जुन्या फाइलमध्ये तो नसतो, म्हणून एकच स्क्रिप्ट दोन फाइलवर वेगळी वागते. मला खात्रीचा वाटतो तो मार्ग असा: फाइलची प्रत काढा, प्रतीतल्या ग्रुपचा एकच लेयर करा आणि त्यालाच ओपॅसिटी द्या. मूळ फाइलमधले वेगळे लेयर सुरक्षित राहतात.

आणखी एक. स्प्राइटची लेयर-यादी फक्त वरच्या पातळीचे लेयर देते. ग्रुपच्या आतले हवे असतील तर फंक्शनने स्वतःलाच बोलवत आत उतरायला हवं. 'सावली' नावाचा लेयर आहे, तरी स्क्रिप्टला सापडत नाही, याचं कारण बहुधा हेच. एकाच नावाचे दोन लेयरही असू शकतात, तेव्हा पहिला सापडला की थांबू नका. बॅकग्राउंड लेयर वगळा. तो विरळ होत नाही, आधी त्याचा साधा लेयर करावा लागतो.

दोनदा चाललेली स्क्रिप्ट

'आहे त्याच्या निम्मं कर' अशी स्क्रिप्ट चुकून दुसऱ्यांदा चालली तर १२८ चे ६४ होतात. नेमका आकडा ठरवून द्या, मग ती कितीही वेळा चालवली तरी निकाल तोच. सगळे बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या गटात, घातलेत तर एका अंडूत सगळं परत फिरतं.

कमांड लाइनवरून बॅच (एकदम अनेक फाइल) चालवताना पॅरामीटर, म्हणजे स्क्रिप्टला द्यायचा आकडा वगैरे, स्क्रिप्टच्या नावाआधी लिहावा लागतो. नंतर लिहिला तर स्क्रिप्टपर्यंत पोहोचत नाही. आधी लिहिला तरी तो मजकूर म्हणून पोहोचतो, त्यामुळे आकड्याशी तुलना करण्याआधी त्याची संख्या करून घ्या. बॅचमध्ये फाइल आपोआप सेव्ह होत नाही, सेव्हची ओळ स्क्रिप्टमध्ये हवीच. ती वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत ठेवणारी असू द्या.

रंग का बदलले?

पॅलेट नीट निवडून काम करणाऱ्याला हे सगळ्यात जास्त खुपतं. आरजीबी फाइल (जिच्यात कुठलाही रंग चालतो) सपाट केली, म्हणजे सगळे लेयर एक केले, की विरळ लेयर आणि त्याखालचे रंग मिसळून पॅलेटमध्ये नसलेले रंग तयार होतात. इंडेक्स्ड फाइलमध्ये (जिच्यात फक्त पॅलेटमधलेच रंग चालतात) तो मिश्र रंग पॅलेटमधल्या सगळ्यात जवळच्या रंगावर जाऊन बसतो, आणि निळसर सावली अचानक करडी होते. जीआयएफमध्ये तर पिक्सेल एक तर पूर्ण दिसतो किंवा अजिबात नाही, मधलं काही नाही. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा विरळ धूर तिथे टिकत नाही. तिथे आरजीबी पीएनजी वापरा, नाहीतर एक सोडून एक पिक्सेल ठेवून (यालाच डिथर म्हणतात) विरळपणा काढा. साठ फाइलवर स्क्रिप्ट सोडण्याआधी एक फाइल एक्सपोर्ट करा आणि ड्रॉपरने दोन-तीन पिक्सेलचे रंग उचलून पॅलेटशी ताडून बघा.